पाच नंबरची खुर्ची

फिफिताबाईंच्या संगणक वर्गाची यादी नावाच्या अक्षराप्रमाणे लागत नसे, नात्याप्रमाणे लागे. प्रवेशाचा फॉर्म दिला की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "गाव कुठलं? आई कुणाची? या वर्गात तुझा भाऊ लागणारं कुणी आहे का?" भाऊ म्हणजे सख्खाच असं नाही. आमच्याकडे मामेभाऊ, चुलतभाऊ, त्यांचेही चुलतभाऊ, सगळे भाऊच. आणि वयात आलेल्या बहीण-भावाने एका खोलीत बसायचं नाही. बहीण आत आली की भाऊ उठून बाहेर जातो. त्याला कुणी ऊठ म्हणत नाही, आणि तो का उठला हेही कुणी विचारत नाही. राजधानीतली, नुकुआलोफातली पोरं आता हे सगळं गुंडाळून ठेवून एका बाकावर बसून चिप्स खातात म्हणे. आमच्या बेटावर, नेआफूत, अजून तसं नाही, आणि माझ्या मोसेसेमामाच्या घरात तर मुळीच नाही.

"आठ मशीन, सोळा पोरं आणि त्यांचे बत्तीस भाऊ-बहिणी," बाई कपाळाला हात लावायच्या. "टायपिंग कधी शिकवू? माझा अर्धा दिवस वंशावळीत जातो."

म्हणून मामाचा मुलगा केलेपी दुपारच्या वर्गात आणि मी सकाळच्या, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली. मशीन मात्र दोघांचं एकच, खिडकीजवळचं पाच नंबर. मी बाराला उठून चर्चच्या मागच्या वाटेने निघून जायचे, तो साडेबाराला पुढच्या दाराने यायचा. सहा महिने आम्ही एकाच खुर्चीवर बसलो आणि एकदाही समोरासमोर आलो नाही.

मी मठ्ठ नव्हते, पण धांदरट होते. बोटांकडे बघून टाइप करायची वाईट सवय. बाई माझ्या हातांवर टॉवेल टाकायच्या आणि म्हणायच्या, "वल्ह्याकडे बघत होडी हाकलीस तर खडकावर जाशील, लोसालिने." टॉवेल घसरला की मी परत बघायचे. एकच पत्र शंभर वेगवेगळ्या नावांनी छापायचा एक धडा होता. ऑफिसातल्या नोकरीला हे आलंच पाहिजे असं बाईंचं म्हणणं. मी ती शंभरही पत्रं एकाच पाद्रीबाबांच्या नावाने छापली. कागद फुकट गेला, आणि पुढचे तीन आठवडे सगळा वर्ग पाद्रीबाबांच्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर सराव छापत होता. ज्याला त्याला मला चिडवायला विषय मिळाला.

त्या छपाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर समोर एक नवीन फाइल. नाव होतं 'पत्रांबद्दल'. आत लिहिलं होतं: 'आधी नावांची यादी वेगळी करून ठेवावी. मग पत्रात नावापुरती जागा सोडावी. यादी कशी जोडायची ते खाली ओळीने दिलं आहे. तुम्हाला यादी सापडली नाही तर डाव्या कोपऱ्यात मी एक करून ठेवली आहे.' खाली नाव नव्हतं. पण पाच नंबरवर आम्ही दोघंच बसायचो, आणि बहिणीचा मान म्हणून मला 'तुम्ही' म्हणणारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असा दुनियेत एकच माणूस होता. मी त्या ओळी तीनदा वाचल्या, करून पाहिलं, आणि शेवटी एकच शब्द टाइप केला: 'जमलं.' दुसऱ्या दिवशी त्याखाली होतं: 'छान.'

मग ते सुरूच राहिलं. तक्त्यातली बेरीज का चुकते, तारीख उलटी का पडते, पत्राला कागद कसा जोडून पाठवायचा. तो दुपारी लिहून ठेवायचा, मी सकाळी गिरवायचे. लहानपणी आम्ही एकत्र पोहायचो, आंब्याच्या झाडावर भांडायचो. तो तेरा वर्षांचा झाला तसं सगळं थांबलं होतं. इतक्या वर्षांत भावाशी माझं पुन्हा बोलणं झालं ते असं, एका मशीनच्या पोटात. मला त्याचं केवढं बरं वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित पुढचं करायला मन धजलं नसतं.

केलेपी वर्गाला का यायचा ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रेलियात फळबागेत कामाला गेला होता, नऊ महिने. मागे घरात मामा एकटा. मामाला साखरेचा आजार, पाय शिंपल्याने कापला, त्याने तसंच फडकं बांधून ठेवलं. पोराला फोनवर सांगितलं, सगळं ठीक आहे. केलेपी परत आला तेव्हा मामाचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मामाचा उरलेला पाय कोमट पाण्याने धुतो, बोटांच्या फटी पुसून बघतो, नखंसुद्धा स्वतः कापतो. 'आता बेट सोडून जाणार नाही, टेबलाशी बसून करता येईल असं काम शिकेन,' असं त्याने बाईंना प्रवेश घेतानाच सांगितलं होतं. नारळ सोलून राठ झालेली त्याची बोटं टायपिंगमध्ये सगळ्या वर्गाच्या पुढे होती.

आमचा कोर्स संपत आला आणि पाओंगोसाहेब वर्गात आले. धक्क्याच्या रस्त्यावर त्यांचं ऑफिस आहे, फळबागांसाठी माणसं पाठवायचं. त्यांना फॉर्म टाइप करायला, फोटो काढायला, फोन घ्यायला एक कारकून हवा होता. त्यांनी बाईंना विचारलं, "तुमच्यातलं चांगलं कोण?" बाईंनी तीन नावं दिली. पहिलं केलेपीचं. माझं नव्हतंच.

मी सरळ विचारलं, "माझं नाव का नाही, बाई?"

"तुझ्या पाद्रीबाबांची शंभर उत्तरं यायची आहेत अजून, ती आधी येऊ देत."

सगळे हसले. वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी मला थांबवलं. "रागावू नकोस. जागा एक आहे, आणि ती केलेपीची आहे. तो पुन्हा गेला तर तुझ्या मामाचा दुसरा पाय कोण बघणार? पुढच्या महिन्यात बंदरावर एक जागा निघतेय, तिथे मी तुझंच नाव देईन. तोवर टॉवेल टाकून सराव कर."

यात मला न पटण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी घरापर्यंत वाटेतला प्रत्येक नारळ मी पायाने उडवत गेले. सव्वीस वर्षांची झाले होते. नुकुआलोफात दुकानात सहा महिने काढून परत आले होते, आणि तेव्हापासून आईच्या शेजारी बसून चटया विणत होते. मला बूट घालून धक्क्याच्या रस्त्याने जायचं होतं. लोकांनी दारात उभं राहून माझ्याकडे कागद मागायचे, असं सगळं मनात रंगवून झालं होतं.

आई ओसरीवर बसून माझ्यासाठी कियेकिये विणत होती. ऑफिसात जाणारी बाई कमरेला पट्ट्यांची झालर बांधल्याशिवाय जात नाही, आणि आईने नोकरी लागायच्या आधीच ती विणायला घेतली होती. हे आमच्या आईचं असंच, बाजारात तुरी.

"यादीत नाव नाही म्हणे तुझं?" ती मान वर न करता म्हणाली. गावात बातमी माझ्या आधी घरी पोचते.

"नाही."

"यादी बाईंची. नोकरी पाओंगोची. त्याची बायको परवा चर्चमध्ये मला म्हणाली, परीक्षेला कुणीही येऊन बसावं."

"आई, तिथे केलेपी असेल."

"असेल की."

"मग मी कशी बसणार?"

आईने पट्टी दातात धरून गाठ ओढली. "तू जाऊन बस. पुढचं तो बघेल."

तिला काय म्हणायचंय ते मला समजलं नाही, असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. खोटं आहे ते. त्याच क्षणी समजलं होतं.

"तो हुशार आहे, त्याला पन्नास नोकऱ्या मिळतील," आई जरा वेळाने म्हणाली. "माझ्या भावाच्या घरातून मी मागितलं आणि मिळालं नाही, असं आजवर झालेलं नाही."

हे मात्र खरं होतं. मामाच्या घरातलं बहिणीने आणि भाच्यांनी हवं ते न्यावं आणि मामाने हसून द्यावं, ही आमची रीत. मी सहा वर्षांची असताना केलेपीचं ठिपक्यांचं डुकराचं पिल्लू मागितलं होतं. तो त्याला रोज खोबरं भरवायचा, त्याला नाव ठेवलं होतं. मामा म्हणाला, "ने." केलेपीने स्वतः दोरी आणून माझ्या हातात दिली. पिल्लू आम्ही त्या रविवारी भट्टीत भाजलं. तो जेवायला आला होता, आणि त्याने फक्त कोनफळ खाल्लं.

परीक्षा बुधवारी दहाला, आमच्याच वर्गात. मी नवा कियेकिये बांधून निघाले आणि चर्चच्या कट्ट्यावर येऊन बसले. परत जावं, असं दोनदा मनात आलं. एकदा तर उठून चार पावलं घराकडे गेलेही. पण आई दारात उभी राहून वाट बघत असणार, आणि तिला काय सांगायचं? बंदरावरच्या जागेसाठी एक महिना थांबते, असं सांगता आलं असतं. ते सुचलं नाही असंही नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी मी वर्गाच्या दारात होते.

आत तीन डोकी खाली, कळांचा टकटक आवाज. केलेपी पाच नंबरवर, माझ्याकडे पाठ. बाई दाराशीच होत्या. त्यांनी मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"तू इथे काय करतेस?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "जा बघू. आत्ताच्या आत्ता जा."

मी गेले नाही. पाओंगोसाहेबांचं लक्ष गेलं. "आणखी एक उमेदवार? अरे वा, या की. मशीन भरपूर आहेत."

पाच नंबरवरचा आवाज थांबला. केलेपीने मागे वळून पाहिलं नाही. खिडकीच्या काचेत त्याला माझी नवी झालर दिसली असावी. तो उठला, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सारखी केली आणि म्हणाला, "साहेब, मला जावं लागेल."

"जावं लागेल म्हणजे? वेळ चालू आहे. बाथरूम का?"

"नाही. घरी."

"केलेपी, खाली बस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"राहू दे, बाई," तो म्हणाला, आणि मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने मागच्या दाराने निघून गेला. मी पुढच्या दारात उभी होते. आमच्यामध्ये सहा बाकं होती, आणि मी उलट्या पावली बाहेर पडले असते तरी त्याला मागे बोलावता आलं असतं.

पाओंगोसाहेब ऑकलंडला वाढलेले. त्यांना वाटलं, पोरगा घाबरला. "नाजूक दिसतंय पात्र," ते हसले. "ऑफिसात कसं टिकणार असं? बसा हो तुम्ही तिथेच, मशीन गरम आहे."

खुर्चीसुद्धा गरम होती. समोर त्याचं पान उघडं होतं. पत्र तयार, शंभर नावांची यादी जोडून झालेली, तक्ता निम्म्यावर आलेला. वर त्याचं नाव. बाई म्हणाल्या, "नवीन पान उघड." तेवढ्यात साहेबांनी त्यांना काहीतरी विचारलं आणि त्या वळल्या.

मी नवीन पान उघडलं नाही. त्याचं नाव खोडलं आणि तिथे माझं टाइप केलं, बोटाकडे बघत, एकेक अक्षर.

शुक्रवारी नोकरी माझी झाल्याचा निरोप आला. आईने शेजाऱ्यांना बोलावून गोड केलं, आणि मीही सगळ्यांबरोबर हसत होते. शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर कोनफळांची भली मोठी टोपली. वर मामाच्या हातचा कागद: 'भाचीच्या नोकरीबद्दल. आम्हाला फार आनंद झाला.' टोपली कोण ठेवून गेलं ते विचारायला नको होतं. मामाचं एक पायाचं शरीर ती उचलू शकत नव्हतं. आई म्हणाली, "बघ, त्यांच्या मनात काही नाही." त्यांच्या मनात काही नव्हतं, हेच तर मला खुपत होतं. त्या कोनफळाचा घास मला गिळता आला नाही, आणि आईने ते हौसेने नारळाच्या दुधात शिजवून आठवडाभर वाढलं.

पुढच्या आठवड्यात फिफिताबाई बाजारात भेटल्या. मी नजर चुकवून निघणार होते. त्यांनी कलिंगडाच्या ढिगाआडून हाक मारली.

"अभिनंदन, लोसालिने. पत्रं छान छापलीस. शंभर पत्रं, शंभर निरनिराळी नावं."

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हाच समजलं मला," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत माझ्यासमोर तुला जे एकदाही धड जमलं नाही, ते पन्नास मिनिटांत जमलं?"

"मग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. आधी केलेपीकडे गेले. म्हटलं, तुझं काम चोरलंय, चल माझ्याबरोबर. तो काय म्हणाला माहितेय? म्हणाला, 'बाई, तुम्ही चुकताय, मी काही टाइपच केलं नव्हतं.' माझ्या तोंडावर खोटं बोलला. जन्मात पहिल्यांदा बोलला असेल. तुझ्यासाठी."

"बाई, मी आता काय करू?"

"मला काय विचारतेस? खुर्ची तुझ्या बुडाखाली आहे." त्यांनी कलिंगड उचललं आणि निघून गेल्या. बंदरावरची जागा त्याच महिन्यात निघाली, पण बंदरवाल्यांना बाईच हवी होती, टेलिफोनवर बसायला; केलेपीला तीही मिळणार नव्हती.

त्यानंतर दर सोमवारी मी राजीनामा द्यायचं ठरवायचे. पत्र कसं लिहायचं ते आता मला उत्तम येत होतं. एकदा लिहिलंही, मग काम आलं आणि राहून गेलं. एका दुपारी वर्गात जाऊन मी पाच नंबरवर एक फाइल ठेवली: 'माझं चुकलं. मला माफ करा.' आठवड्याने जाऊन पाहिलं, कुणी उघडलेली नव्हती. केलेपी वर्गात यायचा थांबला होता. त्याच्या जागी एक जाडी मुलगी बसायची, तिने नंतर ती पुसूनही टाकली असेल. मामाच्या घरी जायचं मी टाळू लागले. गेले की केलेपी उठून परसात जाणार, आणि मामा माझ्या नोकरीची चौकशी करत, हसत, माझ्याकडे बघत बसणार. ते मला सोसत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय ते मी अनुभवलं. कुणी सहज म्हणालं 'लोसा, खुर्ची दे जरा इकडे', तरी माझा जीव उडायचा.

कामात मात्र मी तरबेज झाले. टॉवेल न टाकता, न बघता टाइप करू लागले. पाओंगोसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिला निवडली ती मी." आई ते ऐकायला मुद्दाम ऑफिसच्या रस्त्याने यायची.

आठ महिन्यांनी फळबागांची नवी भरती निघाली. सकाळी ऑफिस उघडलं तर व्हरांड्यात चाळीसएक माणसं रांगेत. साहेबांनी सगळ्यांचे फॉर्म गोळा करून गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी एकेक मशीनमध्ये चढवत होते. सतराव्या फॉर्मवर हात थांबला. अक्षर ओळखीचं नव्हतं, त्याचं हाताने लिहिलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. नाव ओळखीचं होतं.

मी खिडकीतून पाहिलं. केलेपी रांगेच्या टोकाला, व्हरांड्यापुढच्या फणसासारख्या मोठ्या झाडाच्या सावलीत, ऑफिसकडे पाठ करून उभा होता. ऑफिसात मी आहे म्हणून तो व्हरांड्यातसुद्धा चढला नव्हता.

फॉर्म मी टाइप करत गेले. मुदत, नऊ महिने. आधीचा अनुभव, आंबे तोडणे, एक हंगाम. त्याखाली रकाना होता, 'इतर शिक्षण किंवा कौशल्य'. त्याने लिहिलं होतं: 'काही नाही'. कोर्सचं प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं, वर्गात पहिला आल्याचा शिक्का मारलेलं. ते दाखवलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग तू फळं तोडायला का चाललास? आणि मग परीक्षेतला तो पळून गेलेला पोरगा त्यांना आठवला असता. म्हणून 'काही नाही'. शेवटचा रकाना, 'घरी काही झाल्यास कुणाला कळवावं'. तिथे माझं नाव होतं. नातं: बहीण. फोन नंबर आमच्या ऑफिसचा.

म्हणजे मामाला आता मी बघायचं. हेही त्याने मला विचारलं नव्हतं. विचारायला माझ्यासमोर यावं लागलं असतं.

मग फोटो सुरू झाले. मशीनवरच एक छोटा कॅमेरा बसवला आहे. माणसाने टेबलापुढे उभं राहून त्यात बघायचं, मी बटण दाबायचं. डोळे दिसले नाहीत तर मशीन फोटो घेत नाही, पडद्यावर लाल ओळ येते. सोळा झाले. सतरावं नाव माझ्या तोंडून निघेना. साहेबांनीच हाक मारली.

केलेपी आत आला. बाहेरच्या माणसांना त्या ऑफिसात दुसरं दार नव्हतं; मागचं होतं ते माझ्या खुर्चीमागे. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला आणि डोळे जमिनीवर ठेवले. मी बटण दाबलं. लाल ओळ.

"वर बघ रे," साहेब म्हणाले. "तिकडच्या लोकांना तोंड बघायचंय, टाळू नाही."

त्याने हनुवटी वर केली, पण पापण्या खालीच. लाल ओळ. रांगेतला कुणीतरी ओरडला, "काय रे, कॅमेऱ्यालाही लाजतोस?" दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं, कानात काही सांगितलं, आणि सगळी रांग गप्प झाली. तिसऱ्यांदा लाल ओळ आली. केलेपीच्या कपाळावर घाम आला होता. कॅमेरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबर वर होता. त्यात बघायचं म्हणजे माझ्याकडे बघायचं.

मी उठले. "साहेब, मी बाहेर थांबते. हे बटण तुम्ही दाबा."

मागच्या बाजूला चार पायऱ्या आहेत, समोर बंदर. मी पहिल्या पायरीवर उभी राहिले. आत माझी खुर्ची रिकामी होती आणि केलेपी तिच्यापुढे उभा होता. मी त्या चार पायऱ्या उतरून घरी गेले असते तर? साहेबांना उद्या पत्र पाठवलं असतं, 'तो पोरगा घाबरला नव्हता, मी आत आले म्हणून उठला होता' एवढं लिहून. वाक्यसुद्धा मनात तयार होतं. एक पाय दुसऱ्या पायरीवर गेलाही.

"झालं हो, या आत!" साहेबांनी हाक मारली.

आणि मी आत गेले.

केलेपी निघून गेला होता. पडद्यावर त्याचा फोटो होता. डोळे सताड उघडे, सरळ माझ्याकडे लावलेले. चौदा-पंधरा वर्षांत मी ते पाहिले नव्हते. एक डोळा दुसऱ्याहून किंचित बारीक, मामासारखा. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. फोटोच्या बाजूला मी टाइप केलेली माहिती: कौशल्य, काही नाही. घरी कळवायचं ते बहिणीला. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक फॉर्मच्या शेवटी येतो तो प्रश्न: 'वरील सर्व माहिती खरी आहे का?'

त्या डोळ्यांकडे बघत मला ते करता येईना. मी मान खाली घातली, पहिल्या दिवसांसारखी बोटाकडे बघत 'होय' दाबलं, आणि अठरावं नाव पुकारलं.